वाफसा आला; पेरणी कोण करणार?

पाऊस उघडावा, चिखल आवळावा, ढेकूळ हाती घेतले तर फुटावे आणि मातीने पायाला चिकटण्याचे सोडावे, म्हणजे आपला कुणबी म्हणतो, "वाफसा आला." त्या दिवशी तो पंचांग उघडीत नाही की कोणा भटजीस मुहूर्त विचारावयास जात नाही. तो पाभर जुंपतो. कारण वाफसा हा चार दिवसांचा पाहुणा आहे, हे त्यास पक्के ठाऊक असते. पाहुणा निघून गेला आणि पेरणी राहिली, तर रान काही रिकामे राहात नाही. तेथे हराळी आणि कुंदा माजतो, आणि पुढे ती मुळे खणता खणता माणसाची कंबर मोडते.

दंडकारण्यात, म्हणजे आपल्या गडचिरोलीपासून पलीकडच्या बस्तरपर्यंतच्या रानात, आज असाच वाफसा आला आहे. १९८० च्या सुमारास त्या रानात बंदूक शिरली. नंतर तिच्यामागे दुसरी बंदूक शिरली, आणि दोहोंच्या मधोमध गोंड, माडिया, हलबा ही गरीब रयत चाळीस वर्षे भरडली गेली. २०२५ च्या मे महिन्यात माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू अबूझमाडात मारला गेला. ऑक्टोबरात भूपती नावाच्या बड्या पुढाऱ्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. नोव्हेंबरात हिडमा मारला गेला. बंदुकीचा आवाज थंडावला. मोठमोठ्या सभांतून पाठी थोपटून झाल्या, हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली.

आम्ही एका खेड्यातील शाळामास्तर. आम्हांस हारतुऱ्यांतले काही कळत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की वाफसा आला हे खरे, पण त्या रानात पेरणी कोण करणार आणि कशाची करणार?

आमचे उत्तर आम्ही आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा खोळंबा नको. त्या प्रत्येक गावात आणि पाड्यात गावाची स्वतःची शाळा उभी राहिली पाहिजे. ती गावाने बांधलेली, गावाच्या भाषेत शिकविणारी आणि गावच्या ग्रामसभेस जबाबदार असलेली पाहिजे. ती पाच कोसांवर सडकेच्या कडेस नको, ठाण्याच्या सावलीत नको आणि पट मोजून उद्या बंद होणारी तर मुळीच नको. हे जोवर होत नाही तोवर त्या रानात आहे ती शांतता नव्हे, नुसती उसंत आहे.

आता आमचा देशावरचा कोणी शेतकरी बंधू म्हणेल, "मास्तर, ते रान कुठे, आमची शेती कुठे! आमच्या कांद्याला भाव नाही, सुताराच्या घरी काम नाही, कुंभाराच्या चाकाला फिरणे नाही. त्या जंगलाशी आम्हांस काय करावयाचे?"

बाबांनो, पुष्कळ करावयाचे आहे. २०१० च्या एप्रिलात ताडमेटल्यास एका सकाळी ७६ जवान मारले गेले. २०१९ साली ऐन महाराष्ट्रदिनी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्यास सुरुंग उडाला आणि १५ पोलीस व त्यांचा गाडीवान जागच्या जागी गेले. पोलिसात आणि फौजेत शिपाई म्हणून कोणाची पोरे जातात? दोन एकरांच्या तुकड्यावर पोट भरत नाही म्हणून भरतीच्या मैदानावर धावणारी तुमचीआमचीच जातात. आणि समोरून बंदूक धरून कोण आले होते? तेही शेतकऱ्याचेच पोर, फक्त त्याचे शेत डोंगरात होते. इकडूनही रयतेचे पोर मेले आणि तिकडूनही रयतेचेच पोर मेले. ज्यांच्या पोरांपैकी एकही मेले नाही ते शहरात बसून या लढाईवर व्याख्याने देत राहिले. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

या लढाईत शाळेचे काय झाले ते नीट ऐका. २००५ साली दंतेवाडा भागात 'सलवा जुडूम' नावाचा प्रकार सुरू झाला. सरकारपक्षाने त्याचा अर्थ सांगितला 'शांतीची यात्रा'. या यात्रेत गावेच्या गावे उठली. ६४४ गावे या तडाख्यात सापडली असे कोर्टापुढे मांडण्यात आले. काही लोक सडकेवरच्या छावण्यांत कोंबले गेले, काही रानात पळाले, काही गोदावरी ओलांडून आंध्रात मजुरीस गेले. गाव उठले म्हणजे शाळाही उठली. ज्या शाळा पक्क्या होत्या त्यांत शिपायांची पथके मुक्कामास उतरली. छपरावर वाळूची पोती आणि वर्गात बंदुका! मग माओवाद्यांनी म्हणावयाचे की शाळा ही पलटणीची बराक आहे, आणि सुरुंग लावून ती उडवून द्यावयाची.

दोघांसही आम्ही विचारतो, शाळा तुमच्या बापाची होती काय? सरकारला तंबू ठोकण्यास सारे रान मोकळे असता पोरांच्या वर्गातच अंथरूण टाकण्याची बुद्धी कशी झाली? हा प्रश्न आमचा एकट्याचा नाही. २०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टास सांगावे लागले की शाळा आणि वसतिगृहे रिकामी करा. आणि गरिबांचे राज्य आणू म्हणणाऱ्या क्रांतिवीरांनो, तुमचा बसवराजू तर वारंगळच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकून आलेला. स्वतः कॉलेजची पायरी चढून यावयाचे आणि गोंडाच्या पोराची पहिलीची पायरी सुरुंगाने उडवावयाची, हा कोणता समतेचा न्याय? भिंती पलटणीने बाटविल्या म्हणता, तर पलटण निघून गेल्यावर गावाच्या हाताने त्या पुन्हा सारवता आल्या असत्या. उडविलेली भिंत कशी सारवावी?

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. प्राध्यापिका नंदिनी सुंदर, इतिहासकार रामचंद्र गुहा व माजी सनदी अधिकारी ई. ए. एस. सर्मा यांनी या प्रकाराविरुद्ध सुप्रीम कोर्टात दाद मागितली. ५ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी व न्यायमूर्ती निज्जर यांनी निकाल दिला. त्यातून बाहेर आले ते असे: छत्तीसगढ सरकारने आदिवासी तरुणांस 'विशेष पोलीस अधिकारी' असे भारदस्त नाव देऊन हाती बंदुका दिल्या होत्या. अशांची संख्या सुमारे ६,५०० वर गेली होती. मानधन महिना ३,००० रुपये. लायकी कोणती? पाचवी पास असेल त्यास पसंती. तालीम किती? दोन महिने. त्या दोन महिन्यांत बंदूकही शिकवावयाची आणि कायदाही! कोर्टाने हा प्रकार घटनेच्या कलम १४ व २१ विरुद्ध ठरविला आणि त्या पोरांच्या हातची हत्यारे परत घ्यावयास सांगितले.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबा. आम्हांस पहिलीच्या वर्गापुढे उभे करण्यापूर्वी बारावीनंतर दोन वर्षे अध्यापक विद्यालयात घोटून घेतले. फळ्यावर अक्षर कसे काढावे, रडणारे पोर कसे उगी करावे, हातच्याची वजाबाकी कशी समजावून द्यावी, याचे पाठ घ्यावयास लावले आणि चुकलो तेथे कान धरला. ते योग्यच केले, कारण पोराच्या जन्माचा प्रश्न असतो. पण खडू हाती देण्यास दोन वर्षे आणि बंदूक हाती देण्यास दोन महिने! हे आपल्या राज्यकर्त्यांचे माप. आणि ती पाचवी तरी कसली? पाचवीपुढची शाळा त्या गावात काढावयाची नाही, आणि मग त्याच पाचवीच्या दाखल्यावर पोरास बंदुकीच्या तोंडी द्यावयाचे. एकलव्याचा अंगठा द्रोणाचार्याने कापून घेतला अशी कथा आहे. आजचे द्रोणाचार्य अधिक हुशार आहेत. ते अंगठा कापीत नाहीत. पोराला वाचता येऊ देत नाहीत, म्हणजे जमिनीच्या, रानाच्या आणि खाणीच्या कागदावर उठविण्यास तो अंगठा शाबूत राहतो.

शाळा मोडल्यावर सरकारने एक तोड काढली. सडकेच्या कडेस बांबूच्या तट्ट्यांच्या मोठाल्या निवासी शाळा उभारल्या. लोक त्यांस 'पोटा केबिन' म्हणतात. एकेका ठिकाणी पाचशे पाचशे मुले. आम्ही मास्तर आहोत, खोटे बोलणार नाही. गाव जळत असता या केबिनींनी हजारो पोरांस अन्न दिले, अक्षर दिले, कित्येकांचा जीव वाचविला. तेथे राबलेल्या शिक्षकांस आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांस आमचा रामराम. पण घर जळाले म्हणून शेजाऱ्याच्या पडवीत काढलेली रात्र म्हणजे घर नव्हे. सहा वर्षांचे पोर आईपासून तोडून पन्नास कोसांवर ठेवले, तर त्याला अक्षर येते पण बोली जाते. आंबील जाते, मोहाची वेचणी जाते, बापाबरोबरचे औत जाते. ते सुटीत घरी आले की आईशी बोलताना अडखळते. ज्यांची पोरे अगदी लहान, ज्यांच्या मुली वयात येत आहेत, ते आईबाप पाठवीतच नाहीत. आणि बांबूच्या छपराखाली पाचशे पोरे झोपविणे म्हणजे काय, ते २०२४ च्या मार्चात दिसले. बिजापूर जिल्ह्यात मुलींच्या अशाच एका निवासी शाळेस रात्री आग लागली आणि चार वर्षांची एक चिमुरडी तीत दगावली. चार वर्षांचे लेकरू म्हणजे आईच्या कुशीतले वय.

आता गावाने काय केले ते ऐका. आमच्या मते या सगळ्या काळोखात उजेड आहे तो येथेच. २०२२ च्या जूनमध्ये छत्तीसगढ सरकारने चार जिल्ह्यांत बंद पडलेल्या २६० शाळा पुन्हा उघडल्याचे जाहीर केले. त्यांत १५८ बिजापूरच्या आणि ९७ सुकम्याच्या. उघडल्या म्हणजे काय? इमारती तर सतरा वर्षांमागेच गेलेल्या. कितीतरी ठिकाणी गावकऱ्यांनीच लाकडे तोडून आणली, बांबूचे कूड घातले, वर गवत आणि ताडपत्री टाकली, जमीन सारवली आणि म्हणाले, ही आमची शाळा. शिकवावयास गावातलाच कोणी चार इयत्ता अधिक शिकलेला तरुण उभा केला. त्याचे नाव 'शिक्षादूत'. पगार नियमित गुरुजीच्या मानाने चिमूटभर, नोकरीची हमी नाही, पेन्शनचे नाव नाही. पण त्याला पोरांची भाषा येत होती आणि तो गावात राहात होता.

आणि २०२५ साली बिजापूर आणि सुकमा जिल्ह्यांत या शिक्षादूतांपैकी काहींना माओवाद्यांनी खबऱ्या म्हणून ठार मारले. फळा आणि खडू घेऊन बसलेल्या पोरास ठार मारले! ज्यांनी हे केले त्यांच्या लाल झेंड्याविषयी आमच्या मनात काही आदर उरला असेल, तर तो त्या दिवशी संपला. पण त्याच वेळी आम्ही सरकारासही विचारतो, की ज्या पोराने तुमच्या शाळेसाठी मरण पत्करले, त्यास तुम्ही पुरा शिक्षक म्हणावयास का तयार नाही? रणात मेलेल्या शिपायास तोफांची सलामी मिळते, ती मिळावीच. वर्गाच्या दारात मेलेल्या मास्तरास काय मिळते?

आपल्या महाराष्ट्राकडे वळू. २०२४ च्या जानेवारीत एटापल्ली तालुक्यात गर्देवाड्यास आणि २०२५ च्या मार्चात भामरागड तालुक्यात कवंड्यास पोलिसांनी नवी मदत केंद्रे उभारली. प्रत्येक केंद्र चोवीस तासांत! शेकडो माणसे, ट्रक, यंत्रे लावली आणि एका दिवसात तटबंदी, निवाऱ्याच्या खोल्या, पाणी, वीज, टेहळणीचे मोर्चे असे सारे उभे राहिले. त्या शिपायांच्या कष्टास आम्ही नावे ठेवीत नाही. उलट आम्ही म्हणतो, शाबास! तुम्ही एक मोठी गोष्ट सिद्ध करून दिलीत. आजवर त्या रानातला माणूस शाळा मागावयास गेला की उत्तर मिळे, रस्ता नाही, सामान पोचत नाही, ठेकेदार येत नाही, मंजुरी वर अडली आहे, पावसाळ्यानंतर पाहू. चोवीस तासांत तटबंदीचे ठाणे उभे राहते, तर दोन खोल्यांची शाळा का राहात नाही? अडचण रस्त्याची नव्हती आणि पैशाचीही नव्हती. अडचण मनाची होती. जे मनापासून करावयाचे ते चोवीस तासांत होते, आणि जे करावयाचेच नसते त्याची फाईल होते.

ठाण्याने बंदूक दूर ठेवता येते हे आम्हांस कबूल आहे. पण ठाण्याने सातबारा वाचता येत नाही. तेंदूपानाच्या ठेकेदाराने किती पुडे मांडले आणि किती खाल्ले हे ठाण्याने कळत नाही. २००६ चा वनहक्क कायदा रानातल्या माणसास त्याच्या कसत्या जमिनीचा आणि गावास रानाचा हक्क देतो, पण तो मिळवावयास अर्ज लागतो, नकाशा लागतो, ग्रामसभेचा ठराव लागतो. या रानात बंदूक मुळात शिरली ती कशाच्या आधाराने? तेंदूपानाची मजुरी बुडत होती, जंगलखात्याचा गार्ड कोंबडी उचलून नेत होता, आणि गावात विचारणारा कोणी नव्हता. ज्यास हिशेब विचारता येत नाही, तो कोणीतरी बंदूकवाला आपल्या वतीने विचारील या आशेवर बसतो. जेथे दर घरी एक तरी हिशेब वाचणारा आहे तेथे बंदूकवाल्याचे दुकान चालत नाही. शाळेचा आणि शांततेचा संबंध आम्ही म्हणतो तो हा.

कोणी शहाणा म्हणेल, "मास्तर, शिकलेलेच तर बंदुका घेतात. तुम्हीच बसवराजूचे कॉलेज सांगितलेत." खरे आहे. नुसत्या चार भिंतींनी शांतता येत नाही. जी शाळा पोरास त्याच्या आईची लाज वाटावयास लावते, त्याच्या भाषेस 'रानटी' म्हणते आणि दहा वर्षांनी हाती कागद देऊन घरी पाठविते, ती शाळा उलट रागच पेरते. म्हणूनच आमचे म्हणणे केवळ 'शाळा बांधा' एवढे नसून 'गावाची शाळा बांधा' असे आहे. आणि गावाची शाळा गावाच्या भाषेत बोलते.

भाषेची गोष्ट निघाली म्हणून एक हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेत आपली मातृभाषा गोंडी आहे असे सुमारे २९ लाख ८४ हजार माणसांनी सांगितले. संस्कृत ही मातृभाषा सांगणारे निघाले २४,८२१. घटनेच्या आठव्या अनुसूचीत संस्कृतास पहिल्यापासून मानाचा पाट आहे, आणि तीस लाखांच्या गोंडीस उंबऱ्याबाहेर उभे केले आहे. संस्कृताशी आमचे भांडण नाही. ज्यास शिकावयाची त्याने सुखाने शिकावी. पण चोवीस हजारांस पाट आणि तीस लाखांस उंबरा, हे कोणत्या शास्त्रातले गणित? आम्ही हे गणित ओळखतो. आपल्या पणज्यांस अक्षरापासून दूर ठेवणारे गणित हेच.

१९५६ साली घटनेत ३५०-क हे कलम घातले गेले. लहान मुलास प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असे ते सांगते. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने हे कलम खरे मानले. २०१९ साली गावाने आपणहून गोंडी शाळा काढली. पोरे गोंडीत बोलू लागली, लिहू लागली. मग शिक्षणखात्यास जाग आली आणि त्याने ही शाळा अनधिकृत ठरविली. पाहा गंमत! सरकार शाळा देत नाही तेव्हा कोणी अनधिकृत होत नाही. गावाने शाळा काढली की गाव अनधिकृत होते. नियम हवेत हे आम्हांस मान्य आहे. पण शहाण्या खात्याने काय करावयास हवे होते? त्याने मोहगावास जाऊन म्हणावयास हवे होते, "बाबांनो, तुम्ही आमचे काम केलेत. आता सांगा, काय कमी आहे? गणिताचा शिक्षक देतो, पुस्तके देतो, नोंदणी करून देतो." चाळीस वर्षे ज्या रयतेने दोन बंदुकांमध्ये दिवस काढले, ती आज बंदूक न घेता ग्रामसभेत बसून ठराव करून शाळा मागते आहे. याहून मोठी शांतता आणखी कोणती हवी?

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. बंदुकीच्या मागोमाग त्या रानात हिशेबनीस शिरला आहे. तो म्हणतो, या पाड्यावर नऊ पोरे, त्या पाड्यावर अकरा. एवढ्यांस मास्तर कशास? दोन्ही मोडा, सडकेवर एक मोठी शाळा करा. २०२५ साली छत्तीसगढात 'युक्तियुक्तकरण' या भरजरी नावाखाली दहा हजारांवर शाळा एकमेकींत मिसळण्यात आल्या. त्यांतील बहुतेक एकाच आवारातल्या होत्या हे खरे, पण एकदा हे माप हाती आले की ते आवाराच्या भिंतीशी थांबत नाही. आणि हे माप काही छत्तीसगढाचेच नव्हे. २०१७ साली आपल्या महाराष्ट्रात दहाच्या आतल्या पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करावयाच्या ठरल्या. २०२३ साली 'समूह शाळा' या गोड नावाने वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार पुढे आला. अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर! त्या कोणाच्या? डोंगरातल्या वाडीच्या, धनगरवाड्याच्या, पारध्यांच्या तांड्याच्या, कातकऱ्यांच्या पाड्याच्या. म्हणजे गडचिरोलीच्या पोराची शाळा ज्या लेखणीने खोडली जाते, त्याच लेखणीने तुमच्या वाडीची शाळा खोडली जाणार आहे. मघाशी विचारलेत ना, त्या जंगलाशी आम्हांस काय करावयाचे? हे घ्या उत्तर.

हिशेबनीसास आम्ही विचारतो, चौकी उभारताना पट मोजलात काय? पुतळ्यास, स्मारकास, उद्घाटनाच्या मांडवास पट लागतो काय? २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की लहान मुलास एक किलोमीटरच्या आत शाळा द्या. तो पोराचा हक्क आहे, तुमची मेहेरबानी नव्हे. हक्क एका पोराचा असला तरी हक्कच असतो.

हे रडगाणे नवे नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन हेच सांगितले होते. तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने आणि शिक्षणाचा पैसा खर्च होतो वरच्या वर्गावर. म्हणून खेड्यापाड्यात प्राथमिक शाळा काढा आणि बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. इमारती नाहीत म्हणून महाराज थांबले नाहीत. चावडी, धर्मशाळा, देऊळ, जेथे छप्पर होते तेथे शाळा भरविली. एका संस्थानिकास जे शंभर वर्षांपूर्वी परवडले, ते आजच्या सरकारांस परवडत नाही असे कोणी सांगू लागला, तर त्यास आम्ही खोटा म्हणू.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. दंडकारण्यातील ज्या गावी ठाणे उभे राहील, त्या गावी त्याच वर्षी शाळा उभी राहावी. ती ग्रामसभेने बांधावी, गावाच्या हातांनी बांधावी आणि त्या हातांस पुरी मजुरी मिळावी, म्हणजे भिंत आपली वाटेल. पहिली काही वर्षे गोंडी, माडिया, हलबी अशा गावच्या बोलीत शिकवावे आणि मराठी, हिंदी हळूहळू जोडावी. शिक्षादूतासारख्या गावच्या तरुणांस तालीम देऊन पुऱ्या पगाराचे शिक्षक करावे. कोणतीही बंदूक, मग ती खाकी असो वा लाल, शाळेच्या कुंपणाच्या आत येता कामा नये. आणि पट कमी म्हणून तेथली एकही शाळा बंद होऊ नये.

आणि तुम्ही, देशावरच्या शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, काय करावे? पुढच्या ग्रामसभेस जा. बायकांना बरोबर न्या. आपल्या वाडीच्या शाळेसाठी ठराव कराल त्याच कागदावर दोन ओळी अधिक लिहा, की आमच्या शाळेस हात लावू नका आणि गडचिरोलीच्या पाड्यातही शाळा द्या. दोन ओळींस शाई फार लागत नाही. पण गावोगावचे असे ठराव एका टेबलावर पडले, तर हिशेबनीसाच्या लेखणीस घाम फुटेल.

वाफसा चार दिवसांचा असतो, हे तुम्हांस आम्ही सांगावयास नको. तो गेल्यावर हराळी कोणी खणावयाची, हेही तुम्हांस ठाऊक आहे. ज्यांनी पेरणी चुकविली ते खणावयास येत नाहीत. ती खणावी लागते तुमच्याआमच्या पोरांस. म्हणून म्हणतो, पाभर आताच जुंपा.